गुलाबाच्या फुलाच्या मधोमध दुसरी कळी आलीये, हे नक्की काय आहे?

मागीलदार_गुहागर
नमस्कार मंडळी, बागकाम विभागात पहिल्यांदाच लिहितेय. आमच्या मागीलदारी विहिरीजवळ एक कलमी गुलाब आहे, गुलाबी रंगाचा, भरपूर पाकळ्यांचा, जात विचारू नका कारण नर्सरीचं लेबल पहिल्याच पावसात गेलं. दसऱ्याच्या सुमाराला छाटणी केली, फूट मस्त आली, आणि आता तुळशीचं लग्न झाल्यावर फुलं उमलायला लागलीत तर त्यातल्या एका फुलाच्या बरोब्बर मधून, म्हणजे जिथे पिवळे केसर असतात तिथून, बोटभर हिरवा दांडा वर आलाय आणि त्याच्या टोकाला चक्क दुसरी कळी!! दांड्याला एक बारकं पान पण आहे. अजून एका फुलात दांडा नाही पण मधे हिरव्या बारीक पानांचा झुबका झालाय. बाकीची फुलं नॉर्मल. सासूबाई म्हणतात शुभ आहे, शेजारच्या काकू म्हणतात कोणाची तरी नजर, नवरा म्हणतो रील कर. मला एवढंच कळायला हवंय की हा रोग आहे का, कारण बाजूलाच अजून दोन गुलाब आणि अबोलीचा वाफा आहे. फोटो जोडलेत.

आंबट_गोड
फोटो दिसत नाहीयेत.

वाचनमात्र
मलाही नाही दिसत. फोटोची साईझ कमी करून परत टाका.

मागीलदार_गुहागर
परत टाकले. आता बघा.

ठाण्यातली_गॅलरी
दिसले दिसले! अगं हे कसलं भारी आहे, मला वाटलं कोणीतरी एआयने केलाय फोटो. आमच्या गॅलरीत साधं एक फूल यायची मारामार आणि तुमच्याकडे एकावर एक फ्री.

बिनधास्त_बागवान
ताई घाबरवत नाही पण हा व्हायरस आहे. रोझ रोझेट म्हणतात, यूट्यूबवर भरपूर व्हिडिओ आहेत, झाड मुळासकट उपटून जाळायला सांगतात नाहीतर आजूबाजूचे सगळे गुलाब जातात. लगेच उपटा, वाट बघू नका.

मालवणी_तिरफळ
गे बाय, उपटू नको हां! आमच्याकडे असला काय दिसला की आजयेन आधी मीठ-मिरच्यो ओवाळल्यान असते तां सोड. पण खरा सांगतंय, माझ्या आवशीच्या गुलाबाक मागे एकदा असाच झालेला, फुलाच्या पोटातसून हिरवो कोंब इलो आणि त्येका कळी. कोणी काय एक करूक नाय. फूल सुकला, पडला, मागसून इलेली सगळी फुला बरी. उगाच बरा झाड कित्याक मारतंस?

बिनधास्त_बागवान
तुमच्या आईचं झाड वाचलं म्हणजे सगळ्यांचं वाचेल असं नसतं. रिस्क कशाला घ्यायची?

कलम_आणि_कात्री
मी दापोलीला कृषी विद्यापीठात बागायतीचं शिकलोय आणि नंतर बरीच वर्षं नर्सरीत काम केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी रोझ रोझेटचं. हा रोग खरा आहे, उत्तर अमेरिकेत त्याने गुलाबांची वाट लावलीये, तो व्हायरसमुळे होतो हे २०११ मध्ये नक्की झालं आणि डोळ्याला न दिसणाऱ्या बारीक कोळ्यांमार्फत पसरतो. पण त्याची लक्षणं वेगळी. एकाच जागेवरून केरसुणीसारखी खूप फूट येते, फांद्या लालभडक राहतात, पानं वेडीवाकडी होतात आणि मुख्य म्हणजे काटे प्रचंड वाढतात, नुसते काटेच काटे दिसतात. या ताईंच्या फोटोत फांद्या हिरव्यागार, पानं सरळ, काटे नेहमीएवढेच. एकही लक्षण जुळत नाही. त्यामुळे उपटायचा सल्ला माझ्या मते साफ चुकीचा आहे, सॉरी बिनधास्त भाऊ.

आता हे काय आहे. फूल म्हणजे मुळात एक आखडलेली फांदीच असते. फांदीच्या शेंड्याला वाढणारा कोंब असतो, कळी धरायची ठरली की त्या कोंबावर पानांऐवजी एकात एक चार वर्तुळं तयार होतात. शाळेत शिकलेलं आठवत असेल, बाहेरून निदलपुंज म्हणजे कळीची हिरवी आवरणं, मग दलपुंज म्हणजे पाकळ्या, मग पुमंग म्हणजे केसर आणि मधे जायांग म्हणजे स्त्रीकेसर. मधलं जायांग झालं की कोंबाचं काम संपतं, पुढे वाढायचं नाही असा सिग्नल मिळतो. ताईंच्या फुलात तो सिग्नल पडलाच नाही, गाडी स्टेशनात न थांबता पुढे निघून गेली, म्हणून फुलाच्या मधून परत दांडा, परत पान, परत कळी. इंग्रजीत याला प्रोलिफरेशन म्हणतात. दुसऱ्या फुलात जो हिरवा झुबका आहे तो फिलोडी, म्हणजे फुलाच्या भागांची पानं होणं. दोन्ही एकाच घोळाची वेगवेगळी रूपं आहेत आणि एकाच झाडावर एकत्र दिसणं अगदी कॉमन.

जास्त पाकळ्यांच्या गुलाबात हे जास्त दिसतं, कारण जंगली गुलाबाला पाकळ्या पाचच, बाकीच्या ज्या भरगच्च पाकळ्या आपण बघतो त्या बऱ्याचशा केसरांच्या जागी झालेल्या असतात. म्हणजे अशा जातीत आतल्या वर्तुळांचा हिशोब माणसाने निवड करून करून आधीच ढिला केलाय, थोडं काही बिनसलं की तो अजून ढिला होतो.

मागीलदार_गुहागर
बापरे एवढं सविस्तर! खूप धन्यवाद दादा. पण मग बिनसलं काय असेल? पाणी, खत सगळं नेहमीचंच.

कलम_आणि_कात्री
छाटणी दसऱ्याला म्हणालात ना? गुलाबात कळी उमलते छाटणीनंतर साधारण दीड महिन्याने, पण तिचं ठरतं खूप आधी, पहिल्या दोनेक आठवड्यांत, फूट बोट-दोन बोटं असतानाच. म्हणजे आजचं हवामान बघून उपयोग नाही, ऑक्टोबरातलं बघायचं. आपल्या किनारपट्टीला पावसाळाभर कमाल तापमान तिशीच्या आसपास असतं, आकाश झाकलेलं, आणि मग पाऊस ओसरला की एकदम चौतीस-पस्तीस, कडक ऊन, वारा पडलेला, त्यात मधेच परतीचा पाऊस बदाबदा. कोवळी फूट नेमकी त्या उलथापालथीत सापडली. उन्हाच्या ताणाने फिलोडी होते हे गुलाबाच्या बाबतीत चांगलं माहितीतलं आहे. आणि खतं कुठली देता? नेहमीचं म्हणजे काय?

मागीलदार_गुहागर
शेणखत छाटणीच्या वेळी. बाकी मासळी धुतलेलं पाणी रोज त्याच झाडाला जातं कारण मासे धुवायचा दगड तिथेच आहे 😄 कोळंबीची सालं पण तिथेच पुरतो.

मालवणी_तिरफळ
मगे काय, झाड माजला!

आंबट_गोड
+१ माजलं. आमच्याकडे कढीपत्त्याला घालतात मासळीचं पाणी, तो पण तसाच माजतो.

कलम_आणि_कात्री
हसण्यावारी नेऊ नका, त्यात तथ्य असू शकतं. मासळीत नत्र भरपूर. नत्र जास्त झालं की झाडाचा कल पानं आणि फांद्या वाढवण्याकडे जातो, आणि फुलातून दांडा येणं हे शेवटी फांदी वाढायची हौसच आहे. एकट्या नत्राने होतं असं मी म्हणणार नाही, पण उन्हाचा ताण, जोमदार फूट आणि भरपूर पाकळ्यांची जात हे तिन्ही जुळून आलं की असली फुलं दिसतात. मासळीचं पाणी बंद करायची गरज नाही, फक्त रोज एकाच झाडाला न घालता माड, केळ, आळू यांना वाटून द्या. आणि राख असेल चुलीची तर मूठभर गुलाबाला, पालाश मिळतं, शिवाय आपल्या जांभ्या मातीचा आंबटपणा थोडा कमी होतो.

काजूवाले
मी एक शंका काढतो. आजूबाजूला कोणाची आंब्या-काजूची बाग आहे का? हल्ली बेणणीला माणसं मिळत नाहीत म्हणून पाऊस संपला की सरसकट तणनाशक मारतात. ग्लायफोसेटचा फवारा वाऱ्याने गुलाबावर आला तर पानं एकदम अरुंद, दोऱ्यासारखी येतात, झुबके होतात. आमच्या कुंपणाच्या गुलाबाला झालं होतं, सगळे म्हणत होते व्हायरस व्हायरस. पुढच्या छाटणीनंतर हळूहळू सुधारला.

मागीलदार_गुहागर
बाग आहे पण लांब आहे, आणि पानं अगदी नेहमीसारखी रुंद आहेत. मुद्दाम आत्ता जाऊन बघून आले.

काजूवाले
मग ते नाही. पानं नीट असतील तर तणनाशक सोडून द्या.

निवृत्त_मास्तर
चर्चा वाचून राहवलं नाही म्हणून थोडं अवांतर. फुलाच्या मधून दांडा आलेला हा गुलाब वनस्पतिशास्त्रात चांगला प्रतिष्ठित आहे बरं का. जर्मन कवी गटे, तोच, जो कालिदासाचं नाटक वाचून हरखून गेला होता, त्याने १७९० मध्ये वनस्पतींच्या रूपांतरावर एक निबंध लिहिला, त्यात अशाच गुलाबाचं वर्णन आहे. त्याचं म्हणणं होतं की पान, निदल, पाकळी, केसर हे सगळे एकाच मूळ अवयवाचे अवतार आहेत, आणि असा गुलाब हा त्याला मिळालेला पुरावा वाटला, कारण इथे फुलाच्या आतून परत पान आणि दांडा निघताना उघड्या डोळ्यांनी दिसतो. कवी माणूस म्हणून त्याच्या शास्त्राला लोकांनी फारसं मनावर घेतलं नाही, पण दोनशे वर्षांनी, १९९१ मध्ये कोएन आणि मायेरोविट्झ या दोघांनी फुलाच्या जनुकांचं एबीसी मॉडेल मांडलं आणि म्हातारा बराचसा बरोबर निघाला. आमच्या वेळी बीएस्सीला हे नव्हतं, पुढे मुलांना शिकवायचं म्हणून वाचलं.

ठाण्यातली_गॅलरी
मास्तर, एबीसी मॉडेल सोप्या भाषेत सांगा ना प्लीज.

निवृत्त_मास्तर
सांगतो. तीन गटांची जनुकं धरा, ए, बी आणि सी. नुसतं ए चालू असेल तर निदल, ए आणि बी मिळून पाकळी, बी आणि सी मिळून केसर, नुसतं सी असेल तर मधला स्त्रीकेसर. सी चं अजून एक काम म्हणजे कोंबाला थांबवणं, जे वर कलम-कात्रीवाल्यांनी सांगितलं. आता सी दुबळं पडलं तर काय होईल ते तुम्हीच मांडून बघा. केसरांच्या जागी पाकळ्या होतील, आणि थांबवणारं कोणी नसल्यामुळे कोंब पुढे वाढत राहील, फुलात फूल. आणि ए, बी, सी तिन्ही बंद पडले तर सगळीच पानं. म्हणजे ताईंचा हिरवा झुबका.

कलम_आणि_कात्री
मास्तर, एकदम फर्स्टक्लास. त्यात भर घालतो. तापमानाचा या सी शी थेट संबंध आहे. गुलाबाला थंडीत पाकळ्या जास्त येतात हे बागवाल्यांना अनुभवाने माहीत होतंच, २०१५ मध्ये चिनी संशोधकांनी दाखवलं की कमी तापमानात गुलाबाचं सी गटातलं जनुक मंदावतं आणि म्हणून पाकळ्या वाढतात. म्हणजे हवामान जनुकावर काम करू शकतं, झाडात कायमचा बदल न होता.

आंबट_गोड
म्हणजे याचं कलम केलं तर पुढच्या झाडाला असलीच फुलं येतील का? आली तर ताई तुम्ही नर्सरी काढा, मी पहिलं गिऱ्हाईक.

कलम_आणि_कात्री
बहुतेक नाही. हवामानाने झालेलं असेल तर या फांदीचा डोळा दुसऱ्या झाडावर बांधून कलम केलं तरी काहीच हाती लागणार नाही, नेहमीचा गुलाबी गुलाब येईल. कायमचा बदल व्हायला त्या फांदीच्या पेशींतच फरक पडावा लागतो. तसं झालेलं एक प्रसिद्ध उदाहरण आहे, हिरवा गुलाब, विरिडिफ्लोरा नावाने मिळतो. एकोणिसाव्या शतकापासून लोक तो कलमं करून जपतायत. त्यात पाकळ्याच नाहीत, सगळी हिरवी निदलं, मागाहून त्यांना तांबूस छटा येते. खरं सांगायचं तर दिसायला कोबीचा गड्डा फाटल्यागत, मला काही त्याचं कौतुक वाटत नाही, पण शौकीन लोक पैसे मोजून घेतात.

खळ्यातली_तुळस
आमच्याकडे जास्वंदीचं एक झाड आहे त्याला फुलाच्या मधल्या दांड्यावरच परत पाकळ्यांचा तुरा येतो, दुमजली जास्वंद म्हणतो आम्ही. तो पण हाच प्रकार का?

कलम_आणि_कात्री
जवळचा नातेवाईक. तुमच्या जास्वंदीत मधल्या नळीवरचे भाग पाकळ्यांसारखे होतात आणि ती त्या जातीची कायमची खूण आहे, म्हणून प्रत्येक फुलात येतो. ताईंच्या गुलाबात अख्खा कोंबच पुढे गेलाय आणि तोही एक-दोन फुलांतच. आणि अननस बघा, फळाच्या डोक्यावर पानांचा शेंडा असतो ना, तिथे फुलोऱ्याचा दांडा फळ धरल्यावरही वर वाढत राहतो, तो शेंडा लावला तर नवीन झाड होतं. अननसात तो नेहमीचा शिरस्ता आहे म्हणून कोणाला नवल वाटत नाही.

बिनधास्त_बागवान
ओके व्हायरसचं मागे घेतो. पण फिलोडी रोगामुळे पण होते ना? तिळाला होते ती. मग यांची रोगाची नाही कशावरून?

कलम_आणि_कात्री
हा प्रश्न एकदम बरोबर आणि खरं तर धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा. होते. फायटोप्लाझ्मा नावाचे जंतू असतात, भिंत नसलेले बॅक्टेरिया, झाडाच्या रसवाहिन्यांत राहतात आणि तुडतुडे एका झाडाचा रस पिऊन दुसऱ्यावर गेले की पसरतात. १९६७ पर्यंत याला सगळे व्हायरसच समजत होते, मग जपानी संशोधकांना तुतीच्या झाडात हे सापडले. तिळाची फुलं हिरवी पानं होऊन जातात, वांग्याला पर्णगुच्छ होतो, तो याच कुळातला.

फरक ओळखायचा तो असा. हवामानाचा प्रकार असेल तर मोजकीच फुलं बिघडतात, त्याच फांदीवर शेजारचं फूल चांगलं असतं, पानं-काटे-उंची सगळं नेहमीचं, आणि पुढच्या बहरात बहुतेक वेळा सगळं ताळ्यावर येतं. फायटोप्लाझ्मा असेल तर तो रसातून झाडभर फिरतो, म्हणून बघता बघता जवळजवळ सगळीच फुलं हिरवी होतात, नवी पानं बारीक आणि पिवळट, पेरं आखडलेली, एका जागी खूप फुटवे, आणि ऋतू बदलला तरी सुधारणा नाही, उलट झाड दिवसेंदिवस खंगत जातं. नुसत्या एका फुलावरून कोणीच छातीठोक सांगू शकत नाही, झाडाकडे बघायचं. शंका उरलीच तर फांदी घेऊन दापोलीला विद्यापीठात दाखवावी, प्रयोगशाळेत तपासता येतं.

आणि फुलकिडे हा तिसरा आरोपी, त्याला पण बघून घ्या. फूल पांढऱ्या कागदावर झटका, सुईच्या टोकाएवढे लांबट पिवळसर किडे पळताना दिसले तर फुलकिडे. त्यांनी पाकळ्यांच्या कडा करपतात, कळ्या वाकड्या उमलतात, पण फुलातून दांडा येत नाही.

मागीलदार_गुहागर
कागदावर झटकलं, एक मुंगी आणि एक छोटा कोळी पडला, बाकी काही नाही. आणि झाडावर आज एकूण सात-आठ फुलं आहेत त्यातली बिघडलेली तीच दोन. मग आता करू काय? कापू का ठेवू?

कलम_आणि_कात्री
मजा म्हणून बघायचं असेल तर ठेवा, झाडाला त्रास नाही. ती वरची कळी बऱ्याचदा नीट उमलत नाही, अर्धवट राहून सुकते, उमललीच तर फोटो टाका. मग खाली पाच पर्णिकांचं पहिलं सशक्त पान, बाहेरच्या बाजूला तोंड असलेलं, बघून त्याच्या वर कापा. कात्री स्पिरिटने पुसून घ्या, ही सवय एरवी पण चांगली. पुढचा बहर जानेवारीत येईल तो बघा. आणि पुढच्या वर्षी छाटणी दसऱ्याऐवजी थोडी उशिरा, परतीचा पाऊस पूर्ण गेल्यावर आणि ऊन जरा निवल्यावर करून बघा, दुपारच्या उन्हात थोडी सावली मिळाली तर अजून उत्तम.

मालवणी_तिरफळ
आणि सासूक सांग, शुभच आसा, एका फुलात दोन मिळाले. देवाक व्हायचा.

आंबट_गोड
जुळं केळं खाऊ नये म्हणणारी आमची आजी असती तर हे फूल केसात माळू दिलं नसतं 😂

वाचनमात्र
वाचनखूण साठवली. मास्तर आणि कात्रीवाल्यांसाठी.

सुरंगीचा_गजरा
मी पण विचारते याच धाग्यावर, वेगळा काढत नाही. वेंगुर्ल्याला आमच्या अंगणात सदाफुली आहे भरपूर, त्यातल्या एका ताटव्याची सगळीच फुलं हिरवी आणि बारीक यायला लागलीत, पानं पण पिवळट छोटी. आधी वाटलं नवीन जात आली की काय, म्हणून दोघींना फांद्या पण द्यायच्या ठरल्यात. हे पण उन्हाने?

कलम_आणि_कात्री
नाही हो, हे वेगळं प्रकरण वाटतंय. सगळी फुलं हिरवी, पानं बारीक पिवळी, म्हणजे वर सांगितलेली फायटोप्लाझ्माची जवळजवळ सगळी लक्षणं आहेत, आणि सदाफुलीवर तो फार नेहमीचा, इतका की अभ्यासासाठी प्रयोगशाळेत हा जंतू मुद्दाम सदाफुलीवरच पोसतात. फांद्या कोणालाही देऊ नका. घरगुती औषध नाही, टेट्रासायक्लिनने लक्षणं तात्पुरती दबतात पण अंगणातल्या सदाफुलीसाठी त्या भानगडीत पडू नये. तो ताटवा उपटा आणि जाळा किंवा खोल पुरा, आजूबाजूचं गवत काढा म्हणजे तुडतुडे कमी होतील. जवळ तीळ, वांगी असतील तर त्यांच्यावर पण लक्ष ठेवा.

सुरंगीचा_गजरा
वांगी आहेत कुंपणाला लागून. उद्या सकाळीच उपटते. एका बाईंनी कालच एक फांदी नेली, त्यांना आत्ताच फोन लावते.